वाघाच्या गालावरची तीट

अब्बांचा वाघ चोरीचा आहे, असं कुणीतरी लिहिलेलं मी एका दुपारी क्लासमधल्या कॉम्प्युटरवर वाचलं, आणि खरं सांगते, मला आधी हसूच आलं. वाघ काय चोरायची वस्तू आहे? मग खाली जोडलेला फोटो उघडायला लागला. तेव्हा इंटरनेट असं होतं की फोटो वरून खाली इंचाइंचानं यायचा. आधी पिवळं कपाळ आलं, मग डोळे, मग मिशा. मिशा दिसल्या आणि माझं हसू पळालं. वाघ आमचाच होता. ट्रक मात्र ओळखीचा नव्हता, खालची अक्षरं अब्बांच्या हातची नव्हती, आणि वाघाच्या डाव्या गालावर एक काळा गोल ठिपका होता. आमच्या वाघाला असा ठिपका कधीच नव्हता.

आधी आम्ही कोण ते सांगते, नाहीतर पुढचा गोंधळ कळायचा नाही. आमचं घर भोरात, आणि कापूरहोळच्या फाट्यावर अब्बांची पत्र्याची शेड. अब्बा पेंटर. हायवेवर गाडीच्या स्प्रिंगचा पाटा तुटला, टायर बसला, की गाडी तिथल्या गॅरेजला लागायची, आणि ती दुरुस्त होईपर्यंत ड्रायव्हरला काही उद्योग नसायचा. तो ढाब्यावर चहा प्यायचा आणि अब्बांना म्हणायचा, चाचा, मागच्या फाळक्यावर काहीतरी झकास काढा. मग अब्बा कमळ काढायचे, राघूमैनेची जोडी काढायचे, पण सगळ्यात जास्त मागणी वाघाला. खडकावर बसलेला, मान वळवून मागं बघणारा वाघ. म्हणजे गाडी पुढं चालली की तो मागच्या गाडीवाल्याकडं बघत राहणार.

रंग वाळला की गाडी निघून जायची. सातारा, कोल्हापूर, कुठं कुठं. अब्बांना आपलं चित्र परत दिसायचं नाही. "तुझ्या बापाची चित्रं घरात थांबत नाहीत, पळून जातात," असं अम्मी म्हणायची, आणि अब्बा मिशीत हसायचे.

नंतर रेडियम आलं. मशीननं कापलेले चकचकीत स्टिकर, अर्ध्या तासात चिकटवून मोकळे. ड्रायव्हर लोकांना तेच आवडायला लागलं. अब्बांकडं नंबरप्लेटी तेवढ्या उरल्या, मग त्याही गेल्या. दिवसभर ब्रश धरणारा माणूस दुपारी खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडायला लागला. अम्मी म्हणायची, आजारी नाहीत, काही दुखत नाही, पण बघवत नाही गं. खरंच बघवत नव्हतं.

आता माझं. मी तापट. हे आमच्या गल्लीला माहीत आहे, भोरच्या स्टँडवरच्या भाजीवाल्यांना माहीत आहे, आणि माझं लग्न का लांबलं याला अम्मी हेच कारण सगळ्यांना सांगायची. मी एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मराठी टायपिंग शिकवायचे. दुपारी दोन ते चार बॅच नसायची. क्लासचे सर भला माणूस. त्या वेळात इंटरनेट वापरलं तर काही बोलायचे नाहीत. तिथंच मला तो कट्टा सापडला.

कट्टा म्हणजे मराठीतून लिहिणाऱ्या चित्रकारांची जागा. आपापल्या ब्लॉगवर चित्रं टाकायची आणि कट्ट्यावर येऊन ती एकमेकांना दाखवायची. कुणी बँकेत नोकरी करून पेन्सिलीनं म्हातारे चेहरे काढायचं, कुणी घरातली धुणीभांडी आटोपून काचेवर रंगवायची, एक गृहस्थ तर पार परदेशात बसून फक्त आपल्या गावचे दरवाजे काढायचे. कुणाचं दुकान नव्हतं, कुणाचं प्रदर्शन लागलं नव्हतं. चित्र टाकलं की लोक लिहायचे, हा निळा कसा केलात हो? आणि समोरचा भरभरून सांगायचा. मी महिनाभर नुसती वाचत होते. मग एक दिवस मनात आलं, ह्यात आमचे अब्बा का नकोत?

सरांचा डिजिटल कॅमेरा मागून घेतला आणि अब्बांची पळून गेलेली चित्रं शोधायला निघाले. उत्रोलीत एक टेम्पो चाकं काढून उभा होता, त्यात कोंबड्या होत्या, पण मागं कमळ अजून ताजं. हिर्डोशीला एका जीपवर राघूमैना आहेत असं कळलं. जायला एसटी मिळाली, यायला मिळाली नाही, तंगडतोड करत निम्मा रस्ता खाली आले आणि सगळ्या एसटी खात्याला शिव्या घातल्या. पण फोटो मिळाले. ते ब्लॉगवर चढवले, खाली चार ओळी लिहिल्या, आणि कट्ट्यावर सांगितलं की हे माझे वडील.

लोकांनी काय लिहावं! रंग किती धीट आहेत. ही पाकळी एका फटक्यात ओढली आहे ना? एकानं लिहिलं, वाघ छान आहे पण मांजरासारखा दिसतो. मी भांडायला बसणार होते, तेवढ्यात अब्बांना ते सांगितलं, तर ते म्हणाले, "बरुबर वळिखलं की त्यानं. वाग कुठं बगाया गावतोय आपल्याला? ढाब्यावर मांजर हुतं, त्येच बगून काडलाय."

मग अब्बा एकदा क्लासवर आले. केस विंचरून, धुतलेला सदरा घालून, चपला दाराबाहेर काढून. कॉम्प्युटरसमोर बसले आणि मी एकेक वाचून दाखवलं. पडद्याकडं बोट करून त्यांनी विचारलं, "किती मानसांनी लिवलंय?" मी मोजून सांगितलं, चाळीस.

"चाळीस मानसं म्हंजे लगीनच की गं," अब्बा म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ते परत कापूरहोळला जायला लागले. गाड्या नव्हत्या, तर गॅरेजवाल्याकडनं पत्र्याचे तुकडे आणून त्यांवर रंगवायचे, आणि संध्याकाळी मला विचारायचे, ह्याचा फोटो घालतीस का? अम्मीनं मला बोलवून माझ्या डोक्यावरून हात फिरवला. असं ती सहसा करत नाही.

इथंच मी गप्प बसायला हवं होतं. पण मी कशाची गप्प बसते? वाघाच्या फोटोखाली मी ठळक अक्षरात लिहिलं, "हा वाघ फक्त माझ्या वडिलांचा. अख्ख्या महाराष्ट्रात दुसऱ्या कुणाकडे असेल तर दाखवा." कुणी विचारलं होतं का? कुणीच नाही. आणि आठवड्याभरात एकानं दाखवला.

तो कराडच्या पुढचा एक पेंटर होता. त्यानं लिहिलं होतं, "ताई, हा वाघ आमच्या घरचा आहे. माझ्या चुलत्यांनी आयुष्यभर रंगवला, आता मी रंगवतो. आमच्या वाघाच्या डाव्या गालावर तीट असते, दृष्ट लागू नये म्हणून. तुमच्या वडिलांनी नक्कल केली, पण तिटीचं महत्त्व माहीत नसल्यामुळे ती राहून गेली. चित्र आवडलं तर जरूर काढा, पण आपलं म्हणून सांगू नका."

शांत, सभ्य भाषा. त्याचाच मला जास्त संताप आला. मी लगेच चार ओळी हाणल्या. त्यांतल्या तीन, तुमच्या चुलत्यांनाच विचारा कुठनं उचलला, अशा चालीच्या होत्या आणि चौथी इथं लिहिण्यासारखी नाही. मग काय, कट्टा पेटला. ज्यांनी पाकळ्यांचं कौतुक केलं होतं तेच लोक आपापल्या गावचे ट्रक शोधायला लागले. दोघातिघांनी फोटो टाकले. सगळे वाघ तेच, खडक तोच, मान तशीच वळलेली, आणि सगळ्यांच्या डाव्या गालावर तीट. एकानं सरळ लिहिलं की हौशी लोकांच्या जागेवर चोर नकोत.

कट्टा चालवणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका होत्या, पुण्याच्या. त्यांनी मला वेगळं पत्र लिहिलं. "वडिलांकडे एखादं कच्चं रेखाटन, जुना कागद, असं काही असेल तर येत्या रविवारपर्यंत दाखवा. नाहीतर मला तुमचं पान काढावं लागेल. वाईट वाटून घेऊ नका." पान काढायचं म्हणजे नुसता वाघ नाही. कमळ, राघूमैना, पत्र्याचे तुकडे, चाळीस माणसं, सगळंच.

आणि आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला अजून लाज वाटते. मला शंका यायला लागली. इतक्या वाघांना तीट आहे आणि एकट्या आमच्याच वाघाला नाही. मग खरा कुठला? रंगकाम करणारे एकमेकांचं बघून काढतात हे मला माहीत होतं. अब्बांनी तरुणपणी कुठंतरी ट्रक बघितला असेल, घाईघाईत उतरवला असेल, ठिपका सुटला असेल. असं असू शकतं की.

त्या संध्याकाळी अब्बा मोरीशी बसून रॉकेलच्या बोळ्यानं हाताचा रंग काढत होते. मी तशीच समोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "अब्बा, तुमी तो वाघ कुठनं उचलला होता?"

उचलला. हाच शब्द.

त्यांनी एक बोट पुसलं, मग दुसरं. "कुनी इचारलं?"

मी सगळं सांगितलं. कराडचा पेंटर, तीट, ट्रकांचे फोटो, रविवार. ते एकेक बोट पुसत राहिले. शेवटी बोळा बाजूला ठेवून माझ्याकडं बघितलं.

"आन तुला काय वाटतंय?"

दुधात पाणी घातलं म्हणून दूधवाल्याशी अर्धा तास भांडणारी बाई मी, आणि त्या एका प्रश्नाला माझ्या तोंडातून अक्षर फुटलं नाही.

"बरं," अब्बा म्हणाले, आणि उठून आत गेले.

दुसऱ्या दिवशी ते कापूरहोळला गेले नाहीत. खाटेवर पडले, भिंतीकडं तोंड करून. अम्मीनं दोनदा चहा नेला, दोन्ही वेळा तसाच परत आला. ती माझ्यावर उखडली. "काय बोललीस तू त्यांना? चांगला माणूस उठून कामाला लागला होता." मी म्हटलं, मी काही बोलले नाही. खरंच तर होतं. तिसऱ्या दिवशी जेवताना अब्बा एवढंच म्हणाले, "लोकांनी इचारावं. त्येंचा हक हाय. घरात इचारू नये." आणि ताटावरून उठले.

शुक्रवारी मी क्लासला सुट्टी टाकली, खुंटीवरची शेडची किल्ली घेतली आणि वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसून कापूरहोळला गेले. अब्बांना निर्दोष ठरवायला गेले असं म्हणता आलं असतं तर बरं वाटलं असतं. पण मी गेले ते झडतीला. एखादं जुनं कॅलेंडर, काडेपेटीवरचं चित्र, एखाद्या ट्रकचा फोटो, काहीतरी सापडेल ज्यावरून त्यांनी वाघ उतरवला असेल, असं मला वाटत होतं. एकदा काय ते कळू दे आणि पान आपल्या हातानंच काढून टाकू.

शेडमध्ये टर्पेंटाईनचा वास कोंडला होता. डबे उघडून बघितले, चिंध्या उलट्यापालट्या केल्या, जुनी वर्तमानपत्रं चाळली. काही नाही. मग कोपऱ्यात पाण्याच्या नळाचा एक लांब पाइप उभा होता, दोन्ही तोंडांना कापड बांधलेला. त्यात खाके होते.

खाका म्हणजे पेंटर लोकांचा टोचलेला कागद. चित्र आधी कागदावर काढायचं आणि त्याच्या रेघारेघांवरून सुईनं बारीक भोकं पाडत जायचं. मग तो कागद गाडीवर धरायचा आणि कोळशाच्या पुडीची पुरचुंडी त्यावर आपटायची. पूड भोकांतून पलीकडं उतरते, कागद काढला की गाडीवर ठिपक्याठिपक्यांचं चित्र तयार. त्यावरून रंग. हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण अब्बांचा एकही खाका मी कधी उलगडून बघितला नव्हता. मला तयार चित्र बघायची सवय.

कमळाचा निघाला, राघूमैनेचा निघाला, आणि सगळ्यात आतला, पिवळा पडलेला, घड्यांवर कापडी पट्ट्या चिकटवलेला, वाघाचा. खुणेच्या रेघा दिसेनात म्हणून मी तो दाराकडं धरला. बाहेर रणरणतं ऊन होतं. सगळ्या भोकांतून एकदम उजेड आला आणि पट्ट्यापट्ट्यांसकट अख्खा वाघ माझ्या हातात उभा राहिला.

त्याच्या डाव्या गालावर वाटाण्याएवढं भोक होतं.

मी कागद जवळ घेतला. बाकीची भोकं सुईची, स्वच्छ. ह्या एका भोकाची कड तपकिरी, करपलेली. कागद इथं जळला होता. मी त्यातून बोट घालून बघितलं. कोळशाची पूड मारली तर ह्यातून काय उतरेल? ढब्बू काळा ठिपका. तीट!

आणि खाली उजव्या कोपऱ्यात, पेन्सिलीनं, पुसट झालेलं, एक मांजर होतं. मागं मान वळवून बसलेलं. दोनदा खोडलेलं, तिसऱ्यांदा नीट काढलेलं. ढाब्यावरचं मांजर. रंगाच्या डब्यावर बसून मी जी रडले, ती गॅरेजवाला येऊन काय झालं विचारेपर्यंत. त्याला म्हटलं, काही नाही चाचा, वाघ सापडला. त्याला काय कळलं असेल कुणास ठाऊक, पण माझा जीव भांड्यात पडला होता.

घरी आले तर अब्बा तसेच, भिंतीकडं तोंड. मी खाका उलगडून त्यांच्या अंगावरच पसरला, पांघरुणासारखा. "अब्बा, हे भोक कसलं?"

ते वळले नाहीत. आतून अम्मीच ओरडली, "बिडीचं! दुसरं कसलं? मी डबा घेऊन गेले होते तवा. वाघावर ओणवे होऊन बिडी ओढत होते. म्हटलं कागद पेटंल, तर माझ्यावरच डाफरले. आणि तेवढ्यात पडलीच ठिणगी."

खाटेवरून हळूच आवाज आला. "चार दिस टोचून केल्याला खाका. टाकून दिऊ व्हय मंग?"

"पण अब्बा, आपल्या वाघाला तर ठिपका नसतो."

आता ते उठून बसले. "कसा असंल? डाग पडायचा गालावर. आंगठा वला करायचा आन पुसून टाकायचा. दर टायमाला." त्यांनी अंगठा जिभेला लावून हवेतच पुसून दाखवलं. इतक्या वर्षांची सवय, अंगठा बरोबर वाघाच्या गालावर गेला असता.

"आणि हा खाका कुणाला दिला होता?"

"ज्यानं मागितला त्येला. गाडी नादुरुस्त हून पडायची, त्यात कोन कोन पेंटरबी असायचे. म्हनायचे, चाचा, ह्यो वाग आमाला द्या. म्या म्हनायचो, खाली कोरा कागूद घाल आन बस टोचत. दिसभर बसायचे बिचारे."

"आणि तो डाग पुसायचा असतो, हे सांगायचात?"

अब्बांनी छताकडं बघितलं. अम्मी पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली होती. अब्बांच्या मिशा हलल्या.

"त्ये इसारलोच की."

आधी अम्मी हसली, मग मी, मग अब्बा, आणि त्यांना हसता हसता इतका ठसका लागला की पाणी द्यावं लागलं. पाण्याचा तांब्या देताना मी म्हणाले, "अब्बा, माझं चुकलं."

"चुकलंच," ते म्हणाले. तांब्या रिकामा करून खाली ठेवला. "जा, लिव त्यास्नी. पन भांडू नगं."

शनिवारी क्लासच्या खिडकीत उन्हाला खाका धरला आणि फोटो काढला. एक पूर्ण वाघाचा, एक जळक्या भोकाचा, एक मांजराचा. चढवायला बसले तर वीज गेली. आली तेव्हा दोन फोटो चढले आणि परत गेली. मी टेबलावर डोकं ठेवून बसून राहिले. वीज परत आल्यावर तिसरा चढला. सगळ्यात आधी मी माझं ते ठळक अक्षरातलं वाक्य काढून टाकलं, मग खाली घडलं ते साध्या भाषेत लिहिलं. बिडी, अंगठा, आणि सांगायला विसरल्याचं. एकही वाकडा शब्द घातला नाही. मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदाच.

रविवार तसाच गेला. सोमवारी दुपारी कराडच्या पेंटरचं उत्तर होतं. त्यानं त्यांच्या घरचा खाका उजेडाला धरून फोटो पाठवला होता. तोच वाघ, आणि तिटीच्या जागी सुईच्या बारीक भोकांचा गोल, अगदी काळजीनं टोचलेला. जळल्याची खूण कुठंच नाही. "ताई, हे बघितल्यावर मला दुसरा पुरावा नको," त्यानं लिहिलं होतं. "काल चुलत्यांना तुमचा फोटो दाखवला. ते म्हणाले, कापूरहोळ. गाडीचा पाटा तुटला होता, एका पेंटरनं चहा पाजला आणि दिवसभर टोचू दिलं. ठिपका कशाचा ते त्यांनाही माहीत नव्हतं. घरी आल्यावर आजीनं विचारलं, तर सांगून टाकलं की तीट आहे. तेव्हापासून आमच्याकडे तिटीशिवाय वाघ कुणी ड्रायव्हर घेतच नाही. मी फार बोललो. चाचांना आमचा नमस्कार सांगा."

शिक्षिकाबाईंनी त्याखाली एवढंच लिहिलं होतं, "पान राहील." मी ते दोन शब्द चारचारदा वाचले.

घरी जाऊन अब्बांना सगळं वाचून दाखवलं. त्यांनी परत वाचायला लावलं. "माजी बिडी कराडात जाऊन तीट झाली व्हय!" असं म्हणून मांडीवर थाप मारली. मग जरा वेळानं म्हणाले, "त्यो खाका मोठा करून घाल त्या तुमच्या कट्ट्यावर. ज्याला पायजे त्येनं छापून घ्यावा आन टोचावा."

"अब्बा! मग उद्या कुणीही म्हणेल वाघ माझा."

"म्हनू दी की. मांजर तरी कुठं माजं हुतं?"

मी घातला. कुणी कुणी छापून घेतला, कुणी दाराला लावला, कुणी टी-शर्टवर रंगवला, आणि सगळ्यांनी फोटो कट्ट्यावर टाकले. पळून गेलेले वाघ असे परत यायला लागले.

थोड्या दिवसांनी वेल्ह्याचा एक दुधाचा टेम्पो शेडसमोर येऊन उभा राहिला. मालकाला रेडियम नको होतं, त्याच्या बापाच्या जीपवर वाघ होता म्हणून त्याला वाघच हवा होता. मी कॅमेरा घेऊन गेले होते. अब्बांनी फाळक्यावर पिवळा दिला होता, तो वाळलेला. खाका लावला, पुरचुंडी आपटली, कागद उचलला. ठिपक्यांचा वाघ उतरला आणि गालावर तो डाग. अब्बांनी सवयीनं अंगठा जिभेला लावला, गालापाशी नेला, आणि तसाच थांबवला.

"इतक्या मानसांनी संबाळलंय," ते म्हणाले. "आता म्या पुसनारा कोन?"

दुपारपर्यंत वाघ झाला. पट्टे झाले, मिशा झाल्या, डोळ्यात पांढरा थेंब झाला. गालावरचा डाग तेवढा कोळशाचाच राहिला होता. अब्बांनी बारीक ब्रश काळ्यात बुडवला, डब्याच्या कडेला निथळला, आणि माझ्यासमोर धरला. त्यांच्या ब्रशला हात लावायची मला लहानपणापासून बंदी. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं.

"दाबू नगं. नुसता टेकव."

मी ब्रश घेतला. टेकवला. जरा वाकडाच झाला, पण झाला. तेवढ्यात ढाब्यावरून टेम्पोवाला दात कोरत आला, वाघ बघून खूश झाला, आणि मग वाकून गालाकडं बघायला लागला.

"चाचा, ह्यो ठिपका कसला वो?"

अब्बा डब्याचं झाकण बसवत होते. "तीट हाय ती," ते म्हणाले. "माज्या पोरीनं लावलीया."

रंग ओला आहे, हळू ने, असं त्याला तीन वेळा बजावून अब्बांनी टेम्पो सोडला. तो वेल्ह्याकडं निघाला, वाघ आमच्याकडं बघत बघत लांब गेला, आणि फोटो काढायचा राहून गेला हे मला घरी आल्यावर आठवलं.